अमिनो पावडर घ्यावी की दूध-डाळीवर भर द्यावा? (स्नायू वाढवण्यासाठी)

सुरसागरकर (धागाकर्ता)

मंडळी, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, इथे बडोद्यातच कलाभवनात इंजिनीअरिंगला. वजन ६२ किलो. गेल्या दिवाळीपासून कारेलीबागेतल्या एका जिममध्ये जातो आणि मनापासून जातो. आता तिथल्या ट्रेनरनं त्याला 'बीसीएए' नावाची अमिनो आम्लांची पावडर घ्यायला सांगितलं आहे. व्यायाम चालू असताना पाण्यातून प्यायची. ती घेतली नाही तर मेहनत वाया जाते, असं त्याच्या मनात भरवून दिलंय. डबा अडीच हजारांचा, महिनाभर पुरतो.

घरी शाकाहारी स्वयंपाक. अंडं घरात शिजत नाही, बाहेर खाल्लं तर आमची हरकत नाही. दूध-दही भरपूर असतं. माझं मत असं की रोजचं जेवण नीट असेल तर वेगळी अमिनो आम्लं विकत घ्यायची गरज नाही. पण मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला हे जुनं वाटतं म्हणून तुम्ही नाही म्हणता." त्याला पटेल असं उत्तर मला हवं आहे. नुसतं 'आमच्या वेळी' चालणार नाही. जाणकारांनी कृपया लिहावं.

लाल माती

काका, 'आमच्या वेळी' चालणार नाही म्हणता, पण बडोद्यात राहून खुराकाचा विषय निघाला की अखाडा येणारच. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर, प्रो. माणिकरावांची परंपरा, हे सगळं डब्यांच्या आधीचं. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पैलवानानं उचललेला दगड ठेवलेला आहे, १९०२ सालची नोंद आहे त्याच्यावर. तेव्हा कुठली पावडर होती? दूध, तूप, बदामाची थंडाई आणि जोर-बैठका. आमच्या वस्तादांकडे आजही हेच चालतं. पोराला लाल मातीत पाठवा.

डंबेल

@लाल माती, आदर आहे, पण गामाचं उदाहरण घेऊन आजच्या विद्यार्थ्याला काय मिळणार? राजाश्रय होता, दिवसभर व्यायाम आणि झोप एवढंच काम होतं. इथे मुलगा आठ वाजता कॉलेजला पळतो.

मी स्वतः बीसीएए घेतो. पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी जिमला जातो, त्या वेळी घशाखाली काही उतरत नाही. पावडर सुरू केल्यापासून दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं कमी झालंय. त्यातलं ल्युसिन हे अमिनो आम्ल स्नायू बांधायची प्रक्रिया सुरू करतं, हे विज्ञानानं सिद्ध झालेलं आहे. सरसकट 'फसवणूक' म्हणू नये.

चिवडा

माझा एकच प्रश्न. सेव-उसळीत प्रथिनं धरायची का? वाटाणे असतात म्हणे. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर मात्र तरीच एवढी असते की वाटाणा दिसला की शेजारच्याला दाखवतात.

पोषणवेडी

चिवडा :)

धागाकर्ते, मी इथल्याच युनिव्हर्सिटीत अन्न आणि पोषण हा विषय शिकले, आहारसल्ल्याचं काम करते. मुद्दा थोडा सविस्तर लिहिते, कारण मुलाला पटायला हवं असेल तर कारण कळायला हवं.

प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली ११ शरीर स्वतः तयार करू शकतं. उरलेली ९ अन्नातूनच यावी लागतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, लायसिन, मेथिओनिन, फेनिलअॅलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडीन. बीसीएएच्या डब्यात यांतली फक्त पहिली तीन असतात, बहुधा २:१:१ या प्रमाणात.

@डंबेल म्हणतात ते अर्धं अगदी बरोबर आहे. ल्युसिन हा स्नायूंना मिळणारा 'आता बांधायला घ्या' असा इशारा आहे. पण बांधायला नऊच्या नऊ लागतात. पुरण शिजवून तयार आहे, वेलदोडा-जायफळ घातलंय आणि घरात कणीकच नाही, तर पोळी कशी लाटणार? बाकीची सहा जर जेवणातून आली नाहीत, तर शरीर ती आपल्याच स्नायूंचं प्रथिन मोडून काढतं. मग निव्वळ वाढ कुठून होणार? रॉबर्ट वुल्फ या अमेरिकी संशोधकानं २०१७ साली बीसीएएवरच्या अभ्यासांचा आढावा घेताना नेमका हाच मुद्दा मांडला होता.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. व्यायामाची सवय असलेल्या तरुणांना वजनं उचलल्यावर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं. स्नायूंमधली प्रथिननिर्मिती, नुसतं चवीचं पाणी प्यायलेल्या वेळेपेक्षा, २२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे परिणाम आहेच. पण पुरेसं पूर्ण प्रथिन दिल्यावर इतर प्रयोगांत जी वाढ दिसते, तिच्या तुलनेत ही साधारण निम्मी आहे. जास्त पैसे देऊन अर्धं काम कशासाठी करून घ्यायचं?

डंबेल

@पोषणवेडी, तुम्ही बीसीएए रिकाम्या पोटी एकटं घेतल्याचं बोलताय. मी नंतर नाश्ता करतोच.

पोषणवेडी

मग नाश्त्यातून ती तीनही तुम्हाला मिळतातच! दुधाच्या प्रथिनात ल्युसिनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. २५ ग्रॅम दुधाचं प्रथिन पोटात गेलं की अडीच ग्रॅम ल्युसिन आलं, तरुण माणसाला एका वेळी तेवढं पुरतं. अंगदुखीचं म्हणाल तर काही अभ्यासांत बीसीएएनं थोडा आराम दिसला आहे, ते मी नाकारत नाही. पण अंग कमी दुखणं आणि स्नायू वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाल माती

म्हणजे खुराकच बरोबर ठरला. बदाम झिंदाबाद.

पोषणवेडी

थांबा, लाल माती दादा. :) खुराकातलं दूध प्रथिनाचं. बदामात प्रथिन शंभराला २१ ग्रॅमच्या आसपास, पण निम्मा भाग तेल. तुपात तर प्रथिन नाहीच. पैलवानाला तूप-बदामाचा उपयोग होता, कारण तेवढी मेहनत करायला उष्मांक लागत. पोटाला उष्मांक कमी पडले तर शरीर प्रथिनही जाळून टाकतं. तेव्हा तूप वाईट नाही, फक्त ते स्नायूंचं साहित्य नाही, इंधन आहे.

लॅबमधला

मी नंदेसरीच्या बाजूला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. पावडरींबद्दल एक तांत्रिक गोष्ट लिहितो, कारण ग्राहकाला ही माहिती असायला हवी असं मला फार वाटतं.

प्रथिन मोजायची रूढ पद्धत म्हणजे केल्डालची. त्यात थेट प्रथिन मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला साधारण ६.२५ नं गुणतात. त्यामुळे स्वस्त अमिनो आम्ल, उदाहरणार्थ ग्लायसिन, पावडरीत मिसळलं की कागदावर 'प्रथिन' वाढतं, स्नायूला त्याचा उपयोग नगण्य. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन (नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन) घातलं गेलं, लहान मुलं दगावली, त्यामागेही हीच नायट्रोजनची पळवाट होती.

आपल्याकडे २०२४ साली ३६ पावडरींची तपासणी करून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनाचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच. १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होतं. घ्यायचंच असेल तर निदान एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा, घटकांच्या यादीत ग्लायसिन-टॉरिन वर वर दिसतंय का ते बघा, आणि ट्रेनरच्या कपाटातून सुटं कधीही घेऊ नका.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक. अमिनो आम्लं काढायची जुनी पद्धत म्हणजे पिसं, केस आम्लात उकळणं. आता बरीचशी जिवाणूंच्या आंबवणीतून काढतात. डब्यावर हिरवा ठिपका आहे का, एवढं तरी पाहा.

रावपुऱ्याची सून

बाप रे, पिसं? आमच्या सासूबाईंना हे वाचून दाखवलं. दिराचा डबा देव्हाऱ्यासमोरच्या फळीवर असायचा, तो आत्ता जिन्याखाली गेला.

एक वाचक

गोंधळ होतोय. व्हे प्रोटीन आणि हे अमिनो एकच का? माझ्या भाच्याकडे व्हेचा डबा आहे.

पोषणवेडी

बरं झालं विचारलंत, दुकानात हाच घोळ घालतात. पनीर करताना दूध फाडल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यातलं प्रथिन वाळवलं की व्हे. चीजच्या कारखान्यात ते मोठ्या प्रमाणात निघतं. त्यात नऊही आवश्यक अमिनो आम्लं असतात. ते दुधाचंच प्रथिन आहे, फक्त सुटं केलेलं. बीसीएए म्हणजे नऊपैकी तीन. ईएए नावाचा डबा मिळतो त्यात नऊ असतात, पण किंमत बघा आणि दुधाची पिशवी बघा.

म्हणून माझं मत असं: चांगल्या कंपनीचं व्हे ही सोय आहे, गरज नाही. ज्याला वेळ नाही, ज्याचं जेवणातून भागत नाही, त्यानं जरूर घ्यावं. बीसीएएवर मात्र मी माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही पैसे खर्च करू देत नाही.

हिशेबी

१.६ ग्रॅमचा आकडा कुणी सांगितला नाही अजून. २०१८ साली ४९ चाचण्यांचा, १८६३ माणसांचा एकत्रित अभ्यास झाला. दिवसाला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिन वाढवल्याचा फायदा दिसला, पुढे सरासरीत फरक पडला नाही. आणि त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लोक वाचत नाहीत: जादा प्रथिनानं चरबीविरहित वजनात जी भर पडली ती सरासरी ३०० ग्रॅम! बाकी सगळी वाढ व्यायामाची. म्हणजे डब्यावरून रात्र-रात्र वाद घालण्यापेक्षा बैठकांची वजनं वाढवली तर जास्त फळ मिळेल.

मांडवीवाला

१.६ शाकाहारी घरात शक्यच नाही. राष्ट्रीय पोषण संस्था ०.८३ म्हणते, त्याच्या दुप्पट कुठून आणायचं? शिवाय मूत्रपिंडाचं काय?

पोषणवेडी

०.८३ हे सर्वसाधारण निरोगी माणसाचं, वजनं उचलणाऱ्याचं नाही. आणि त्याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायूंसाठी प्रथिनाच्या पावडरी टाळा असं स्पष्ट लिहिलंय, तेही लक्षात घ्या.

मूत्रपिंड निरोगी असेल तर १.६ नं ते बिघडतं असा पुरावा नाही. पण ज्याला आधीच मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा मधुमेह-रक्तदाब जुना आहे, त्यानं रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवायचं नाही. इथे मी जराही सूट देत नाही.

आता शक्य आहे का ते बघू. ६२ किलोला १.६ म्हणजे ९९ ग्रॅम. सकाळी ३०० मिली दूध, १० ग्रॅम. ६० ग्रॅम मूगडाळीचे पोळे, १४. दुपारी तीन पोळ्या ११, चाळीस ग्रॅम तूरडाळीचं वरण ९, वाटीभर दही ५. व्यायामानंतर ४० ग्रॅम सोया वडी (कोरडी वजन करून) २१. कॉलेजच्या पिशवीत ४० ग्रॅम फुटाणे, ९. रात्री ८० ग्रॅम पनीर १४ आणि दोन पोळ्या ७. बेरीज करा, १०० भरते. अंड्याशिवाय.

एकच अट. वरण पाणीदार चालणार नाही. आपल्याकडे वाटीभर 'वरणा'त कधी कधी पंधरा ग्रॅम डाळही नसते.

रावपुऱ्याची सून

पनीर-सोया रोज नाही जमणार. आमच्याकडे रात्री खिचडी-कढी. निम्मं बडोदं हेच जेवतं. ते वाया का?

पोषणवेडी

अजिबात नाही, खिचडी-कढी फार शहाणं जेवण आहे! तांदळात लायसिन कमी, मुगात मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरतात. कढीतलं ताक वर आणखी भर घालतं. ढोकळ्याचंही तेच. फक्त मूठभर तांदळाला चिमूटभर डाळ असं न करता दोन्ही समसमान घ्या आणि कढी दाट ताकाची करा.

२०२१ साली ब्राझीलमधल्या एका प्रयोगात निव्वळ वनस्पतिज आहार घेणारे आणि मांसाहारी तरुण, दोघांनाही १.६ ग्रॅमचं प्रमाण देऊन १२ आठवडे व्यायाम करवला (सोया किंवा व्हेची पावडर देऊन प्रमाण पुरं केलं होतं). स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. शाकाहारी घरानं न्यूनगंड बाळगायचं कारण नाही.

लाल माती

रविवारी मटण खाणाऱ्यांनी पण बाळगू नये. :)

चिवडा

एकादशीचं काय मग? आमच्याकडे साबुदाणा.

पोषणवेडी

साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ शून्य. त्यातला दाण्याचा कूट काय ते देतो. उपासाला राजगिऱ्याची भाकरी, दही, दाणे, दूध घ्या, निभावतं. श्रावणात एकवेळ जेवणाऱ्या मुलांनी त्या महिन्यात वजनं वाढवायचा आग्रह धरू नये, इतकंच.

निवृत्त मास्तर

तरुणांचं चाललंय, पण मध्ये बोलतो. मी सत्तरीत आहे. गेल्या वर्षी आजारपणात मांड्या अगदी वाळून गेल्या, जिना चढवेना. जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी नऊ अमिनो आम्लांची पावडर काही दिवस दिली आणि खुर्चीतून उठ-बस करायला लावलं. मला उपयोग झाला. त्यामुळे अमिनो म्हटलं की सगळं टाकाऊ, असं मी म्हणणार नाही.

पोषणवेडी

मास्तर, तुमचं उदाहरण फार महत्त्वाचं आहे आणि मी पूर्ण सहमत आहे. वय वाढतं तसे स्नायू ल्युसिनच्या इशाऱ्याला कमी दाद देतात. म्हणून वयस्कांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिन लागतं, आणि नेमकी तेव्हाच भूक मंदावते. कमी घासांत जास्त अमिनो आम्लं देण्यासाठी अशा पावडरी खऱ्या उपयोगी. पण त्या नऊ अमिनो आम्लांच्या, डॉक्टरांच्या देखरेखीत, आणि सोबत व्यायाम. आपल्या घरांमध्ये आजी-आजोबांना 'रात्री दूध-पोळी पुरे' म्हणतात, ते मला बघवत नाही. जिमच्या पोराच्या डब्याची चर्चा होते, आजीच्या ताटाची होत नाही.

रावपुऱ्याची सून

+१. सासूबाईंच्या ताटात आजपासून पनीर.

हिशेबी

'पूर्ण अन्न' या मुद्द्यावर एक भर. २०१७ साली व्यायामानंतर काही तरुणांना एकदा अख्खी अंडी आणि एकदा अंड्याचा नुसता पांढरा भाग दिला. प्रथिन दोन्हीत १८ ग्रॅम. तरी अख्ख्या अंड्यानं स्नायूंमधली प्रथिननिर्मिती जास्त झाली. पिवळ्यातलं नेमकं काय कामाला येतं ते अजून नक्की ठरलेलं नाही, पण अन्नाचे तुकडे करून विकत घेण्याआधी माणसानं विचार करावा असा हा पुरावा आहे.

डंबेल

मी वाद घालायला आलो नव्हतो. माझा मुद्दा रिकाम्या पोटी पहाटे काय घ्यावं हा आहे. त्याचं उत्तर नाही मिळालं.

पोषणवेडी

डंबेल दादा, बरोबर, राहिलंच. रात्री झोपताना दूध किंवा पनीर घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन पोटात हळूहळू पचतं, पहाटेपर्यंत अमिनो आम्लं रक्तात येत राहतात. २०२३ च्या एका प्रयोगात एकदम १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन दिलं, तर शरीर बारा तासांहून जास्त वेळ ते वापरत राहिलं. व्यायाम चालू असताना घोट-घोट काही प्यायलाच हवं, ही धास्ती सोडा. व्यायाम झाल्यावर तास-दोन तासांत चांगला नाश्ता केलात की झालं. पहाटे पाण्यात लिंबू-मीठ घ्या, तहान भागेल.

डंबेल

ठीक. हा डबा संपला की महिनाभर असं करून पाहतो. अंग जास्त दुखलं तर इथे येऊन सांगेन.

एक वाचक

क्रिएटिन?

हिशेबी

वेगळा विषय, वेगळा धागा काढा. थोडक्यात: ते प्रथिन नाही, रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, ताकदीसाठी सगळ्यात भक्कम पुरावा असलेली गोष्ट, आणि बीसीएएपेक्षा स्वस्त.

सुरसागरकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलानं पूर्ण धागा वाचला. नऊपैकी तीन हा मुद्दा त्याला लगेच पटला. लॅबमधल्यांचा नायट्रोजनचा प्रतिसाद त्यानं जिमच्या मित्रांना पाठवलाय. ठरलं असं की अडीच हजारांचं पनीर, सोया आणि जादा दूध घरात येणार, आणि वजनांची वही तो स्वतः ठेवणार. ट्रेनरला तो नम्रपणे नाही सांगेल.

अडचण एकच. सोया वडीचा वास त्याच्या आईला सहन होत नाही. काही उपाय?

रावपुऱ्याची सून

दादा, उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं, मग थंड पाण्यात दोनदा पिळून काढायच्या. अगदी कोरड्या होईस्तोवर पिळा, वास त्या पाण्यातच असतो. नंतर दही, आलं-लसूण, गोडा मसाला लावून अर्धा तास ठेवा आणि लोखंडी कढईत परता. वहिनींना खिमा करून पोळीत भरून द्या, कळणारही नाही.

खो-खोवाली

पहिल्यांदाच लिहितेय. मुलींना पण किलोमागे १.६ च का? वजन ४८, हॉस्टेलला असते, मेसमध्ये पनीर आठवड्यातून एकदाच.

पोषणवेडी

हो, मुलींनाही तोच हिशेब, तुला ७७ ग्रॅमच्या आसपास. खोलीत ठेवता येतील अशा गोष्टी: फुटाणे, दाणे, दुधाची छोटी पिशवी, आणि सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ). ५० ग्रॅम सत्तू ताकात कालवलं तर ताक धरून साधारण १५ ग्रॅम होतात, गॅस लागत नाही. अंडं खात असशील तर मेसवाल्याकडून सकाळी दोन उकडलेली मागून घे, १२ ग्रॅम. आणि हिमोग्लोबिन तपासून घे, खेळणाऱ्या मुलींमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं आणि मग कितीही प्रथिन खाल्लं तरी मैदानावर दम पुरत नाही.